बिनब्रेकची ट्रॉली आणि मामाजी

माझ्या सासऱ्यांनी मला आयुष्यात एकदाच ओव्हरटेक केलं, तेही कापसात बसून.

त्याचं झालं असं. बीटी कापूस आला तेव्हा सगळे म्हणाले, बोंडअळी गेली! अळी काही वर्षांनी परत आली. बियाणं-फवारणीच्या खर्चापायी विकलेली आमची बैलजोडी काही आली नाही. मग वेचलेला कापूस घरी आणायचा कसा? मी म्हटलं, जुन्या मोटरसायकलला मागे ट्रॉली लावू. गरीब शेतकऱ्याला परवडेल अशी! (मी आयटीआय नापास. पण नापास व्हायलाही आधी शिकावं लागतंच की!)

धामणगाव बढ्याच्या रफीकभाई वेल्डिंगवाल्यांनी पलंगाचे अँगल आणि चार जुनी चाकं जोडून झकास ट्रॉली केली. मग विचारलं, "भाऊ, याले ब्रेक कसा लावाचा?"

"ब्रेक काऊन? बैलगाडीले असते काय ब्रेक?"

"गाडीले नसते, पन..."

"मंग झालं तर!"

पहिल्या वेचणीला मामाजी, म्हणजे माझे सासरे, पाहुणे आलेले. कापूस हलका, पण भलता फुगतो. भरताना कुणाला तरी वर चढून तो तुडवावा लागतो. मामाजी आपणहून चढले. सत्तरीचा माणूस, पण काय नाचले! ट्रॉली भरली तेव्हा ते छातीपर्यंत रुतलेले. "राहू द्या, असाच येतो," म्हणाले.

"अहो, हळू चालवा," माझी बायको शोभा म्हणाली. "बाबा हायत मांगं."

"तू नको टेन्शन घेऊ!"

सपाटीवर गाडी अशी चालली की मला वाटलं, आता जिल्हाभरातून ऑर्डरी येणार. मग नाल्याचा उतार लागला. मी ब्रेक दाबला. मोटरसायकल थांबली. ट्रॉली कशाला थांबते? तिनं मागून अशी ढुशी दिली की जोडाची खीळ तुटली आणि मी बाभळीत! तेव्हा डोक्यात उजेड पडला. बैलगाडीचा ब्रेक म्हणजे बैल! उतारावर गाडी तेच रेटून धरतात. (तीस वर्षं बैल हाकले, एकदाही लक्षात आलं नाही!)

शेजारून मामाजी गेले. नुसतं डोकं दिसत होतं.

"जवाईबुवा, ब्रेक मारा!"

"मी इकडं हाय, मामाजी!"

"मंग हे कोन चालवून राह्यलं?"

ट्रॉली नाल्याकाठच्या सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात घुसली. धप्प! मग सगळं शांत. गाडीमागून पायी येणारी शोभा "बाबा!" म्हणून ओरडत धावली. मागून मी, देवाला काय काय कबूल करत. (शेगावला पायी, चहा बंद, मेव्हण्याशी गोड बोलणं!) दोघांनी हातांनी कापूस उपसला. आत मामाजी, डोळे मिटलेले.

"बाबा! लागलं काय?"

एक डोळा उघडला. "नाई वं. गादीतच व्हतो ना."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच कुटारात बसून ढसाढसा रडलो, आणि मामाजीच माझी पाठ थोपटत राहिले.

मग त्यांनी ट्रॉली चहूबाजूंनी ठोकून पाहिली. "जवाईबुवा, गाडी एक नंबर हाय तुमची!"

"खरंच?"

"हाव. उद्या माहा बैल पाठोतो."

आता ट्रॉलीला तोच बैल जुंपतात. मी फक्त कापूस तुडवतो. पण उतार आला की शोभा ओरडतेच, "अहो, तुमी खाली उतरा! बैल भेते तुमाले!"