बाबलीने न शिवलेला झेंडा

कुणकेश्वरच्या अलीकडे समुद्राला लागून एक वाडी आहे. तिथे बाबली राहायचा. गलबतांची शिडे शिवणे हा त्याचा धंदा. देशाचा पहिला झेंडा या बाबलीने शिवला, तो बोटीने मुंबईला गेला आणि तिथून दिल्लीला, असे वाडीत कोणीही छातीठोक सांगे.

खरे एवढेच होते की सत्तेचाळीस साली शाळेला झेंडा हवा होता आणि गुरुदास मास्तरांनी कापड बाबलीच्या हातात आणून दिले होते. तो झेंडा वाडीबाहेर कधी गेलाच नाही. शाळेच्या पेटीतच त्याला कसर लागली.

आणि तो बाबलीने शिवलाही नव्हता.

शिडाच्या दाभणाला सरावलेल्या बोटांना ते तलम कापड जमेना. त्याची बायको तुळसा बघत होती. म्हणाली, "सोडा ता. दाभणान चक्र काढतल्यात? होडयेक भोक पडल्यासारखा दिसतला." तिने कापड स्वतःपुढे ओढले. चक्राचे आरे पहिल्या खेपेला तेवीसच भरले, तेव्हा सगळे उसवून तिने पुन्हा चोवीस काढले. मास्तर झेंडा न्यायला आले आणि म्हणाले, "बाबली, काय हात आहे रे तुझा!" तुळसा दाराआड उभी होती. बाबली नुसता हसला.

त्रेपन्न साली ती तापाने गेली. गोष्ट मात्र वाढत राहिली. गावातला पहिला झेंडा तालुक्यातला पहिला झाला, मग देशाचा. बाबली खोडून काढायला जाई, पण बायकोचे नाव चारचौघांत घ्यायची रीत नव्हती. वाडीही तिला 'बाबलीची घरकारीण' म्हणूनच ओळखत होती.

"तो घरातल्यांनी शिवल्यानी," तो म्हणे.

"रे, घरातल्यांनी सुयेत दोरो ओवून दिल्यानी असतलो!" दुकानदार भिकाजी हसे. "शिवलंस तूच."

बासष्ट साली शाळेच्या भिंतीवर त्या झेंड्याच्या आठवणीची फरशी बसवायचे ठरले. मजकूर लिहून घ्यायला तालुक्याहून एक साहेब आले. ते घाटावरचे होते, इकडची बोली त्यांना नीट कळत नसे. सगळी वाडी शाळेत जमली. तुळसाचे नाव लागायचे तर आज, नाहीतर कधीच नाही, हे बाबलीला कळत होते.

"सांगा बाबलीभाऊ," साहेब म्हणाले, "झेंडा कोणी शिवला?"

बाबली उठला. त्याचे कान तापले. जन्मात पहिल्यांदा त्याने ते नाव लोकांसमोर घेतले.

"तुळशेन. सगळा तुळशेचा. माझो हात लागूक नाय."

साहेबांनी न कळून मास्तरांकडे पाहिले. मास्तरांचे डोळे भरून आले होते.

"तुळशीमाईची कृपा म्हणतोय, साहेब. स्वतःकडे काही घेत नाही."

"वा!" म्हणत साहेबांनी लिहून घेतले.

"तसा नाय मास्तरांनू! तुळस न्हय, तुळसा. माझी घरकारीण..."

टाळ्या वाजत होत्या. भिकाजी मागून ओरडला, "बाबल्या, तुझी तुळस शिवाक कधी शिकली रे?" सगळे हसले.

लोक पांगल्यावर बाबलीने मास्तरांना गाठून पुन्हा नीट सांगितले. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या माउलीने साथ दिली असणारच. पण सगळंच फरशीत मावत नाही, बाबली. आणि साहेब कागद घेऊन गेलेसुद्धा."

पंधरा ऑगस्टला फरशीवरचा पडदा बाबलीनेच ओढला. 'देशाचा पहिला ध्वज तुळशीवृंदावनापुढे बसून शिवणारे श्री. बाबली' असे त्यावर कोरले होते.

तेव्हापासून दर वर्षी शाळेची मुले रांगेने त्याच्या अंगणात येत. बायका वृंदावनाला हळदकुंकू वाहत आणि विचारत, "बाबलीभाऊ, खंयच्या बाजूक बसललास?"

दोन वर्षे तो "मी बसूक नाय" असेच सांगत राहिला. तिसऱ्या वर्षी त्याने हात उचलला आणि पूर्वेची बाजू दाखवली.