मामांची मोटार-पारख

जुन्या मोटारीची पारख करावी तर आमच्या सौभाग्यवतींच्या मामांनीच, असं रत्नागिरीतली आमची सगळी आळी मानते. त्या आळीत एकाच्याही दारात मोटार नाही आणि ती मामांमुळेच नाही, हे मात्र कोणी बोलत नाही.

मामांचा जन्म बैल पारखण्यात गेला. रोज संध्याकाळी आम्ही दोघं मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत चालत जायचो, तेव्हा सारी वाट मी बैलपुराण ऐकायचो. बैलाला दात असतात, मोटारीला नसतात, एवढाच फरक त्यांना मान्य. यंत्राचं झाकण कोणी उघडलं की, "पोट कसलं दाखवता? चाल दाखवा," म्हणून ते मालकालाच दटावत. गावात फिरायला पुरेल अशी एक छोटी मोटार मी पसंत केली होती. ती उतारावरून येत असताना हे गृहस्थ एकदम पुढे झाले आणि तिच्या तोंडावर त्यांनी फाडकन छत्री उघडली. ड्रायव्हरने घाबरून चाक फिरवलं नि मोटार चिऱ्यांच्या गडग्यावर जाऊन आदळली.

"मेली बुजरी आहे हो, जावईबापू," मामा छत्री मिटत म्हणाले.

"मामा, बुजला तो ड्रायव्हर!"

"कोणीही बुजो. आत बसायचं तुम्हाला."

दुसरी मोटार पेट्रोल संपून नेमकी जुन्या मालकाच्या दारात थांबली. ती ओढाळ ठरली. विकलेला बैल जुन्या गोठ्याकडेच वळतो म्हणे. माणसाने सोसायचं तरी किती?

शेवटी त्यांना न विचारता मी मोटार घेतली. अगदी ठणठणीत. संध्याकाळी त्यांच्या दारात नेऊन उभी केली, बसा म्हटलं. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले. वळणावर मागे पाहिलं, तर मामा एकटेच चालत येत होते. रस्ता सगळा मोकळा होता, तरी ते डाव्या कडेनेच चालले होते, उजवीकडे माझ्यापुरती जागा सोडून. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून माझी मोटार रोज संध्याकाळी मामांच्या दारात बंद पडते.

"काय, बसली?" मामा छत्री घेऊन बाहेर येतात.

"बसली."

"विचारून घ्या म्हटलं होतं. चला आता पायी."

आळीभर माझ्या मोटारीची नाचक्की झाली आहे. बिचारीत काडीचा दोष नाही, म्हणून माझा अजून संताप होतो. पण मांडवीच्या वाटेवर मामा तिचे दोष सांगू लागले, की मी नुसता हुंकार देतो.