अक्का बिल वाचते

माझी थोरली बहीण अनुसूया, म्हणजे आमची अक्का, फोनचं बिल वाचते. भरतात सगळेच हो, वाचतं कोण? अक्का, तिचे यजमान गुरुराज भावजी आणि वरच्या मजल्यावर राहणारी मी, तिघांचं मिळून एकच बिल. तेही अक्काच्या नावावर, कारण कनेक्शन घेतलं त्या दिवशी दुकानातल्या यंत्राला भावजींचा अंगठा काही केल्या पटेना. दर महिन्याला बनशंकरीतल्या आमच्या घरी नऊ पानांचं पाकीट यायचं. कुणी कुणाला कधी फोन केला, किती वेळ बोललं, सगळं छापलेलं. अक्का चष्मा पुसून, पेन्सिल घेऊन एकेका नंबरावर खूण करत बसायची. "या बाईशी छत्तीस मिनिटं काय बोलत होतीस गं?" हे मी साठीला आल्यावर ऐकून घ्यायचं! एक बरं होतं, चौथ्या पानावर तिला हमखास डुलकी लागायची.

भावजींचं पान पाचवं. त्यांना साखर आहे, डॉक्टरांनी लोणी-बटाटा बंद केलाय. तरी हा बाबा रोज सकाळी सव्वासहाला बूट चढवून फिरायला निघायचा, फाटकातून मित्राला, दयानंदला फोन लावायचा, "निघालास का?" आणि दोघं जाऊन बसायचे कुठे, तर कोपऱ्यावरच्या हॉटेलात, लोण्यानं थबथबलेला मसाला दोसा पुढ्यात घेऊन.

जूनमध्ये रिपोर्टात साखर चढली आणि अक्काने जाहीर केलं, "आता कॉफी पिऊन वाचणार. शेवटच्या पानापर्यंत."

भावजींची पाचावर धारण बसली. त्याच संध्याकाळी माणूस वर माझ्याकडे हजर. "कागदासाठी केवढी झाडं तोडतात गं! बिल फोनवरच मागवूया. स्वल्प, म्हणजे जरा, बघतेस?" जन्मात कुंडीला पाणी न घालणाऱ्याला झाडांचा एवढा पुळका! मी सरळ विचारलं, मला काय मिळणार? एक दोसा ठरला. हो, खाल्ली लाच, खोटं कशाला बोलू?

अक्काला झाडांचं सांगितलं. "सरी, बरं, कर," म्हणाली. मी तिच्याच फोनवर चार बटणं दाबून कागद बंद केला. एवढ्याशा पडद्यावर तिचे डोळे टिकणार नाहीत, अशी आम्हा दोघा शहाण्यांची खात्री.

अगं बाई! पहिलंच बिल आलं आणि तिने दोन बोटांनी अक्षरं भोपळ्याएवढी केली. पडद्यावरच्या शोधायच्या चौकटीत एखादा नंबर लिहिला की तो कितीदा लागला तेही कळतं, हे तिचं तिनेच शोधून काढलं. दयानंदचा नंबर एकोणतीस वेळा, सकाळी सव्वासहा.

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात माझी लाच वसूल करत बसले होते, तोच आमच्या मागोमाग आलेली अक्का समोर. दयानंद चप्पल शोधू लागला. आता ही आरडाओरडा करणार, असं वाटलं. पण ती भावजींच्या शेजारी शांत बसली.

"एकोणतीस दिवस याला विचारलंत, निघालास का. लग्नाला चाळीस वर्षं झाली, मला एकदा तरी म्हणालात, येतेस का?"

तिचा आवाज कापला. मला माझीच लाज वाटली. मग अक्काने भावजींची बशी ओढली आणि दोसा मधोमध मोडला. "अर्धा माझा. आणि हे महिन्यातून एकदाच. बाकीचे दिवस खरोखर चालायचं."

पुढच्या महिन्यात बिल आलं तेव्हा मी तिच्या खांद्यावरून डोकावले. भावजींच्या यादीत रोज सव्वासहाला एकच नंबर, अक्काचा. फाटकातून स्वयंपाकघरात फोन! दहा सेकंद, आठ सेकंद, बारा सेकंद.

"एवढं एक पान छापून आण," अक्का म्हणाली.

"आणि झाडं?"

"गप्प बस." तिने पेन्सिल शोधायला घेतली होती.