सून हवेत, सासरे सुरात

शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात मशीनकाकांचा जन्म गेला. दुकान इतकं चिंचोळं की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला पोट आत ओढूनच उभं राहावं लागे. दिवसभर तिथे वाकून बसायचं आणि संध्याकाळी हाताचं तेल साबणाने घासून काढून एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात पेडल स्टील गिटार वाजवायला जायचं, हा त्यांचा क्रम. ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. ती चार पायांवर आडवी उभी असते आणि वादक तिच्यापुढे खुर्ची घेऊन बसतो. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्या पायाने पेडल दाबून सूर ताणायचे, उजव्या पायाने आवाज कमीजास्त करायचा. एवढं करून गुडघे मोकळे राहतात, म्हणून त्यांनाही खटके दिलेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, हा गृहस्थ इस्त्रीच्या टेबलावर काहीतरी हरवलेलं शोधतोय.

काकू गेल्या आणि काकांचं बोलणं आटलं. पुढे ऑर्केस्ट्राही मोडला. वाजवणं मात्र चालू राहिलं, मागच्या खोलीत, दार लोटून.

मग मुलाचं लग्न झालं. सून आली ती हेलिकॉप्टर चालवायला शिकवणारी. मुलगी गुणी, पण सासऱ्याशी बोलायचं काय? "आज उशीर झाला?" "हो बाबा, वारा होता." "बरं." झालं, संपलं संभाषण. मुलगा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारा. पण घरातली ही दोन तोंडं काही त्याला उघडता येईनात.

एका सुट्टीच्या दुपारी काका वाजवत बसले होते. सून चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. ती हातांकडे बघत नव्हती, गिटारीखाली त्यांच्या पायांकडे बघत होती.

"बाबा, तुम्ही तर हेलिकॉप्टर चालवताय!"

काकांनी तारांवर तळवा ठेवला. "म्हणजे?"

"अहो, माझंही असंच असतं. डाव्या हाताने दांडा वर ओढला की मशीन उचललं जातं, पण लगेच तोंड फिरवतं. ते पायाने आवरायचं. तेवढ्यात ते बाजूला सरकायला लागतं, ते उजव्या हाताने थोपवायचं. एक नीट करावं तर बाकीची रुसतात."

"अगं, इथे तरी काय वेगळं आहे? एक तार सुरात आणावी तर शेजारचीला राग येतो."

"आणि लोक म्हणतात, बसूनच तर असता!"

"मला विचारायचे, गिटार आहे तर उभं राहून नाचत का नाही?"

"मला विचारतात, पंख कुठे आहेत?"

चहा निवून गेला. त्या दिवसापासून घरात गप्पांना ऊत आला. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: काम उत्तम झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, बिघडलं की सगळे माना वळवून बघतात. काका म्हणाले, "माझा सूर चुकला तर लोक तोंड वाकडं करतात." सून म्हणाली, "माझं चुकलं तर तोंड वाकडं करायला कुणी उरायला हवं ना!" काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला आणि मुलगा ताटावरून उठून पाणी आणायला धावला.

हसण्याच्या भरात काका एकदा बोलून गेले, "इतकी वर्षं हे हातपाय चार दिशांना नाचवलेत. मला तुझ्या त्या खुर्चीत बसव, दुपारपर्यंत शिकतो की नाही बघ."

"बसवते," सून म्हणाली.

तिने खरंच बसवलं. नवख्यांना एक फेरी देण्याची तिच्या शाळेत सोयच होती. मोकळ्या माळावर तिने हेलिकॉप्टर जमिनीपासून पुरुषभर उंच नेलं आणि ते तिथे असं थांबलं, जणू कुणी खुंटीला टांगलंय. "आता तुम्ही," ती म्हणाली. तिचे हात दुसऱ्या जोडीच्या दांड्यांजवळच होते.

काकांनी दांडा धरला मात्र, मशीन डावीकडे कललं. त्यांनी उजवीकडे ओढलं, तर ते तिकडेच निघालं. शेपूट फिरली, नाक खाली गेलं, माळ वरखाली व्हायला लागला.

"बाबा, आवळू नका! तुमची ती कांडी अशी आवळता का?"

काकांनी बोटं सैल सोडली.

"जवळ बघू नका. त्या लांबच्या झाडांकडे बघा."

ते झाडांकडे बघत राहिले. दांडा नुसता बोटांवर तोलला. आणि मशीन थांबलं! क्षणभरच. "जमलं!" असं ओरडायला त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात ते पुन्हा घसरलं. सुनेने ते अलगद सावरून खाली टेकवलं.

घरी आल्यावर काका सारखे आभाळाकडे बघत होते. मुलाला वाटलं, उडण्याची हौस अजून फिटली नसेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच. वारा सुटला की ते खिडकीशी जाऊन उभे राहत. सून कामाला निघाली की "जपून" म्हणत. हा शब्द पूर्वी त्यांच्या तोंडी नव्हता. थट्टा तर बंदच झाली.

शेवटी सूनच मागच्या खोलीत येऊन बसली. "बाबा, काय झालं?"

काका कांडी फडक्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, तू ते चालवतेस. तू ते चालवत नाहीस गं. ते सारखं पडायला बघतं आणि तू पडू देत नाहीस. आता कळलं तर चैन पडत नाही. मला एकच सांग, इंजिन बंद पडलं तर?"

सुनेने ते हसण्यावारी नेलं नाही. "इंजिन बंद पडलं तरी वरची पाती लगेच थांबत नाहीत. मी डावा दांडा पटकन खाली करते, मग खालून येणारा वारा ती फिरवत ठेवतो. तशीच उतरत येते. पात्यांमधला जोर सांभाळून ठेवायचा आणि जमीन अगदी जवळ आली की दांडा वर ओढून तो सगळा वापरायचा. त्या जोरावर अलगद टेकायचं. याचा सराव आम्ही सतत करतो."

काकांनी एक तार छेडली आणि उजवा हात मांडीवर ठेवला. सूर विरत चालला, तसा उजवा पाय हळूहळू दाबत त्यांनी आवाज वाढवत नेला. सूर खोलीभर तसाच तरंगत राहिला, मग कांडीबरोबर सावकाश खाली आला आणि थांबला.

"असं?" त्यांनी विचारलं.

"अगदी असं."

"तार मधेच तुटली तर मात्र माझ्याकडे उपाय नाही."

"म्हणून तर मी उडण्याआधी सगळं मशीन तपासते, बाबा. रोज. हात लावून."

हे मात्र काकांना पटलं. मशीन हात लावून तपासणाऱ्या माणसावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास. त्यांनी मान डोलावली. काळजी काही गेली नाही, पण जेवण पूर्वीसारखं जायला लागलं.

पुढे एकदा काकांनी तिला गिटारीपुढे बसवलं. तिने पेडल दाबलं, गुडघा चुकीच्या खटक्याला लागला, आणि असा काही सूर निघाला की मुलगा बाहेरून पळत आला. "कुणाचा दात दुखतोय?"

"गप्प रे," काका म्हणाले. "तिचं पहिलं उड्डाण आहे." आणि सुनेकडे वळून म्हणाले, "आवळू नकोस. हं, पुन्हा."