नांगर घालण्याआधी विचारायचं असतं

आमचं गाव शिराळ्याच्या वर, पार डोंगरात. ते धरणाच्या पाण्यात गेलं आणि आम्हांला इस्लामपूरच्या पुढं सपाटीवर आणून टाकलं, तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि माझं लग्नाचं वय झालं होतं. 'आणून टाकलं' हाच शब्द बरोबर आहे. कुणी 'पुनर्वसन' म्हणालं की माझं डोकं अजून फिरतं. ट्रकमधून माणसं, गुरं, घराचे वासे, दारं, जातं, सगळं एकदमच उतरवलं आणि ट्रक धुरळा उडवत निघून गेले. पुढं पत्र्याच्या खोल्यांची रांग, मागं काळं रान, आणि डोंगर कुठंच नाही. नजर जाईल तिकडं जातच राहायची, तिला अडवायला काही नव्हतं.

पहिले काही महिने आमच्या घरात कुणीच एका जागी बसलं नाही. आई सारखी चूल हलवायची. या कोपऱ्यात वारं घुसतं, त्या कोपऱ्यात धूर कोंडतो. आज मांडलेली चूल उद्या तिथं नसायची. सरपण तर नव्हतंच. डोंगरात हात पुढं केला की लाकूड, इथं शेणाची गोवरीसुद्धा शेजारणीकडं मागायची. गाय दावं तोडून मावळतीकडं चालू लागायची आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिला कालव्याजवळून हाकत परत आणायचा. आबा, म्हणजे आमचे वडील, पत्र्याच्या सावलीत बसायचे, उठायचे, परत बसायचे. बोचकी आम्ही सोडलीच नव्हती. लागेल ते काढायचं आणि परत गाठ मारायची. का, ते कुणी कुणाला विचारत नव्हतं.

पाणी भरायला मी वसाहतीशेजारच्या गावातल्या नळावर जायची. तिथं बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, "आली बघ धरणवाली." मीही काही गप्प बसणारी नव्हते. "धरणवाली हाय म्हणूनच तुमच्या उसाला पानी येनार हाय," असं एकदा तोंडावर सांगितलं, तेव्हापासून मला नळावर जागा मिळायला लागली.

मग मोजणीचा साहेब आला. त्यानं साखळी टाकून खुंट्या ठोकल्या आणि म्हणाला, "इथून तिथपर्यंत तुमचं." रान चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. काळंभोर, हातात घेतलं तर मुठीला चिकटणारं. पण ते शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याचं होतं. धरणाचं पाणी ज्यांच्या शेताला मिळणार, त्यांच्या जादा जमिनीतला तुकडा काढून आम्हांला द्यायचा, असा कायदा. त्याला मोबदला मिळाला होता, पण बापजाद्याच्या रानाचा मोबदला कुणाला पुरतो? जाताना साहेबानं दादाला बाजूला घेऊन सांगितलं, "या पावसाळ्यात पेरा. पड ठेवलंत तर जुना मालक परत हक्क सांगायला येईल. मग तुमच्याकडं राहील याची खात्री मी देणार नाही."

दादा दुसऱ्याच दिवशी नांगर काढायला निघाला. आबांनी आडवा हात घातला.

"आदी इचारलं पायजे."

"कुणाला? सायबानं तर दिलं की."

"सायबाला न्हवं. राखणदाराला."

आमच्या डोंगरात प्रत्येक रानाला राखणदार असतो. कुठं झाडाखाली एखादा दगड, कुठं नुसती घळ. नव्या रानात नांगर घालायचा तर आधी त्याच्यापुढं नारळ फोडायचा, दहीभात ठेवायचा आणि तोंडानं विचारायचं, रान करू का? न विचारता करणाऱ्याला ते रान लाभत नाही, हे आमच्यात तान्ह्या पोरालाही ठाऊक. आणि राखणदार कुठं बसतो ते कोण सांगणार? ज्यानं ते रान आजवर केलं तोच. म्हणजे हाच, ज्याचं रान आम्ही घेऊन बसलो होतो तो. हे ऐकून दादानं कपाळावर हात मारून घेतला. तो काही आबांबरोबर जाईना, म्हणून मी गेले.

तो माणूस गोठ्यापुढं वैरण तोडत होता. गडी उंचापुरा. मागं दावणीला पांढरेधोट खिलार बैल, आमच्या डोंगरी बैलांच्या दीडपट. आबा अंगणाच्या कडेलाच उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "पावनं, तुमच्या रानाचा राखणदार कुठं बसतोय, तेवढं दावा की."

विळा थांबला. "माझं रान न्हेलं, आन् वर माझ्याच दारात येऊन थट्टा करतासा व्हय?"

"थट्टा न्हवं, पावनं. इचारल्याबिगार नांगर घालता येत न्हाई आमच्यात."

"मग घालू नगा. ज्यानं दिलं त्याला इचारा, जावा."

"त्यास्नी ठावं नसतंय," आबा शांतपणे म्हणाले, आणि आम्ही परत आलो. मी घरापर्यंत बडबडत होते.

मग आबांनी नादच धरला. दर बाजारच्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून त्याच्या दारात जायचे, तेच विचारायचे आणि तेच ऐकून परत यायचे. कधी तो घरात असून बाहेर यायचा नाही. कधी त्याची बायको पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि आत जायची. आबा पाणी प्यायचे आणि यायचे.

इकडं उन्हाळा सरत आला. वसाहतीतल्या बाकीच्यांनी रानं नांगरली. आमच्यातल्याच काहींनी तर न विचारता नांगरली आणि त्यांना काही झालं नाही, हे दादा रोज जेवताना मोठ्यानं सांगायचा. आमच्या तुकड्यात कुंद्याचं तण माजलं होतं. एक दिवस जुन्या मालकाच्या भावकीतलं कुणी तरी बांधावर उभं राहून रान बघून गेलं, तेव्हा आई फाटकन बोलली, "तुमचा राखणदार आमास्नी भिकंला लावनार. डोंगर गेला, आता हे बी घालवा. आगीतनं काढून फुफाट्यात टाकल्यालं कमी हाय व्हय?" आबा उठले आणि खुंट्यांच्या बाहेरून रानाला फेरी मारायला गेले. ते रोज मारायचे, आत पाय न ठेवता. आईच्या डोळ्याला पाणी आलं. मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं, गाव सोडतानासुद्धा.

माझं टाळकंच सरकलं. मी तशीच, अनवाणी, त्या माणसाच्या घरी गेले. एकटी. तरण्या पोरीनं परक्याच्या दारात असं जाऊ नये वगैरे सगळं मला ठाऊक होतं. ते नवरा-बायको दोघंही अंगणात होते.

"मामा," मी म्हणाले, "रान आमी मागितलं न्हवतं. तुमचं रान तुमास्नी न इचारता घेतलं, तर आमचं गाव काय इचारून बुडवलं? आमचा राखणदार पान्याखाली बसलाय. त्याला नारळ द्यायचा तर आमी बुडी मारायची का? तुमचा वर हाय, कोरड्यात हाय. म्हातारा मानूस उन्हातान्हाचं तुमच्या दारात येतोय, त्यो रान मागत न्हाई, एक दगड कुठं हाय तेवढं इचारतोय. ते सांगायला तुमच्या बापाचं काय जातंय?"

बाप काढला तसा तो ताडकन उठला. मला वाटलं आता मारतोय. पण बायको मध्ये आली. ती माझ्याकडं बघून हळू म्हणाली, "बापानंच मांडलाय त्यो दगुड, पोरी. ह्यांच्या बापानं."

तो तसाच उभा राहिला. मग खाली बसला आणि तोंड फिरवलं. मी घरी आले. कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपणहून आला, खांद्यावर विळा टाकून. आमच्याकडं न बघता सरळ बांधावरच्या बाभळीखाली गेला आणि तिथलं गवत कापू लागला. खाली जुन्या शेंदराचा दगड निघाला. "म्हसोबा," तो म्हणाला. "दहीभात चालतोय. नारळाचं अर्धं भकल हितंच ठेवायचं. आखाडात कोंबडं." जरा थांबून म्हणाला, "वरसाला चुकवू नगा."

आबांनी टोपी काढली. नारळ फोडला. दगडापुढं उकिडवे बसून, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं बोलले, "आमी धरणातली मानसं. आपल्या मनानं आल्यालो न्हाई. रान करू का?"

दादा बैल घेऊन आला तसा तो माणूस वळला आणि निघून गेला. त्याला बघवलं नसणार. आमचे डोंगरी बैल त्या चिकट मातीत गुडघ्यावर यायचे, दादा नांगरावर सगळं अंग टाकायचा, पण नांगराचं पहिलं तास पडलं. काळी माती उलटून वर आली आणि तिचा ओला वास सुटला. आईनं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. कित्येक महिन्यांनी ती हसली. दादा बैलांना शिव्या देत होता आणि त्या शिव्यांतसुद्धा आनंद होता.

आबा बांधावर बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले. मला शाबासकी हवी होती, लपवायचं कशाला. नवरा-बायकोच्या पुढं मी काय काय बोलले ते सगळं सांगितलं, बाप काढलेलासुद्धा. म्हणाले, "मी गेले म्हणून झालं बघा आबा. न्हाईतर तुमी बसला असता जन्मभर इचारत."

आबा रानाकडं बघत होते. "नसतीस गेलीस तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

मला वाटलं, बाप काढला म्हणून रागावले. "आवं, पर त्यानं दावला की दगुड."

"दावला. आता आपून हितलं झालो. जवर हितल्या राखणदाराला इचारलं न्हवतं, तवर मी तिकडचाच हुतो."

"तिकडं काय ऱ्हायलंय आबा? सगळं पान्यात गेलं."

"ठाव हाय मला."

मला भयंकर राग आला. आईचं रडणं, दादाची रोजची भांडणं, माजलेला कुंदा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. "मग दर बाजारच्या दिशी त्याच्या दारात कशापायी जात हुतासा?"

आबांनी हातातला गूळ तसाच धरला होता, तोंडात टाकला नव्हता.

"त्यो न्हाई म्हनंल म्हणून."