मामांची मॉरिस

माझ्या बायकोच्या मामांना खोलून बघावीशी वाटली नाही, अशी वस्तू या पृथ्वीवर अजून तयार झालेली नाही. नागभीडच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली, पण हात कुंचल्यापेक्षा पान्याकडेच जास्त धावायचा. एका लग्नाच्या पंगतीत तर त्यांनी शेजारच्या पाहुण्याचं कुरकुरणारं श्रवणयंत्र मागून घेतलं आणि वरणाच्या वाटीजवळ त्याचे भाग मांडून ठेवले. यंत्र पुन्हा जुळलं, नाही असं नाही; पण तोवर जिलबी दोनदा वाढून गेली होती आणि त्या बिचाऱ्याला आग्रह काही ऐकू आला नव्हता.

निवृत्त झाल्यावर आरमोरीच्या एका बंद भातगिरणीत त्यांना ती मॉरिस गाडी दिसली. साठ-पासष्ट वर्षांची, काळी, मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. मालकानं कोंबडी ठेवून घेतली आणि गाडी देऊन टाकली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलेल्या त्या गाडीत मामा स्वतः स्टिअरिंग धरून बसले आणि वैनगंगेच्या पुलावरून लोकांना हात दाखवत घरी आले. म्हशीची रवानगी चिंचेखाली झाली. गोठ्याच्या दारावर खडूनं, वळणदार अक्षरात 'गॅरेज' असं लिहिलं गेलं.

पुढची सहा वर्षं मामा त्या गाडीखाली राहिले. भेटायला येणाऱ्याला आधी त्यांचे पाय दिसत, आणि नमस्कार तिथेच करावा लागे. एका घरी सांत्वनाला गेले असताना, अंगणातल्या जुन्या जीपचा कार्बुरेटर काढून घेऊ का, असं त्यांनी इतक्या हळव्या आवाजात विचारलं, की त्या लोकांनी रडत रडत होकार दिला. घरातल्या बरण्या नटबोल्टांनी भरल्या. मी नवा जावई म्हणून जेवायला गेलो, तेव्हा लोणच्याच्या फोडीबरोबर माझ्या ताटात एक वॉशर पडला. मी ओशाळलो; मामा मात्र उठून उभे राहिले, कारण तोच वॉशर ते महिनाभर शोधत होते. मामींनी तो धुऊन त्यांच्या हातावर ठेवला आणि मला शांतपणे म्हणाल्या, "माणूस घरी असते, एवढं तरी बरं हाये."

शेवटी एका दसऱ्याला गाडी सुरू झाली. अख्खी आळी जमली होती, बॉनेटवर झेंडूचा हार होता, इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. मामा आत बसले. पण गाडी काही हलेना. त्यांनी आरसा पुसला, हॉर्न वाजवला, ऊन असताना वायपर चालवून दाखवले. मी खिडकीशी गेलो, तर माझा हात धरून ते कुजबुजले, "जवाईबुवा, तुम्हाले गाडी चालवता येते का?"

मला स्कूटरपलीकडे काही येत नव्हतं. तसं सांगितलं, तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "मलेबी नाई येत."

सहा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मामा जन्मभर सायकलवर फिरलेले. मी काय करावं या विचारात असताना ओवाळायला आलेल्या मामींनी एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. आरतीचं ताट माझ्या बायकोच्या हाती दिलं, पदर खोचला आणि दार उघडून म्हणाल्या, "अजी, सरका तिकडे."

माहेरी असताना त्यांनी वडिलांचा ट्रॅक्टर चालवला होता, धानाच्या चिखलात. एक आचका देऊन गाडी निघाली, म्हैस दावं तोडून पळाली, आणि मॉरिस तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन सुखरूप परत आली. शेजारच्या सीटवरचे मामा वाटेत कुणाला हात दाखवायचंही विसरले होते.

हल्ली दर रविवारी, शाळेच्या मोकळ्या मैदानावर मामी त्यांना गाडी शिकवतात. मामांचा क्लच हमखास आधी सुटतो, गाडी बंद पडते. मामी रागावत नाहीत. पुन्हा सुरू करा म्हणतात. मागे एकदा मी बघायला गेलो होतो. मामी पाणी प्यायला नळावर गेल्या, तेव्हा मामा त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बराच वेळ बघत राहिले.

"चाळीस वर्षं झाली लग्नाले," ते म्हणाले. "पण 'तुले काय काय येते?' हे मी इले कधी विचारलंच नाई."