दुखते मांडी, काढा दाढ

“ही दाढ काढून टाका. संध्याकाळच्या आत आम्हाला हॉटेलवर परतायचंय,” मॅनेजर इंग्रजीत म्हणाला. खुर्चीत बसलेल्या माणसाचा गाल त्याने स्वतःच्याच बोटाने ओढून धरला आणि मला दाढ दाखवली.

माझ्या दवाखान्यात माझ्याआधी पेशंटच्या तोंडात बोट घालणारा तो पहिलाच. मी आधी त्याला हात बाहेर काढायला सांगितलं. मग त्याला बेसिन दाखवलं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी दातांची डॉक्टर, आता रिटायर्ड. पार्ल्याला पूर्वेला, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर माझा दवाखाना होता. एक खुर्ची, एक एक्स-रे मशीन आणि बाहेर बसायला तीन बाकं. अंधेरीच्या बाजूला विमानतळाजवळ एक मोठं हॉटेल होतं. त्यांच्या डॉक्टरांच्या यादीत माझं नाव होतं. रात्रीत फिलिंग पडलेला एखादा पायलट, लग्नाला आलेला आणि लाडू खाताना दात तुटलेला एखादा परदेशस्थ भाचा, असे पेशंट तिथून यायचे. त्या दिवशी फुटबॉलवाले आले.

पोर्तुगालमधला एक क्लब पूर्वेकडच्या देशांत मॅचेस खेळून परत चालला होता. सहार विमानतळावर त्यांच्या विमानात बिघाड झाला आणि सगळी टीम हॉटेलात अडकली. पुढे आखातात आणखी एक मॅच होती. खुर्चीतला माणूस ब्राझीलचा, नाव अदेमार. टीमच्या डाव्या कडेने धावत जाऊन बॉल पुढे न्यायचा, हे त्याचं काम. त्या वर्षी वर्ल्ड कप टीव्हीवर दाखवला होता, त्यामुळे आमच्या सोसायटीतली पोरंसुद्धा उठताबसता ब्राझीलच्या नावाने ओरडायची. मला फुटबॉलमधलं इतकंच कळायचं की बॉल जाळ्यात जायला हवा.

“कधीपासून दुखतेय?” मी अदेमारला विचारलं.

“दाढ दुखत नाही,” मॅनेजरने उत्तर दिलं. “मांडी दुखते.”

मला वाटलं, त्याचं इंग्रजी कच्चं आहे. त्यालाही बहुधा माझ्याबद्दल तेच वाटलं. लहान मुलाला सांगावं तसं त्याने सावकाश समजावून सांगितलं. अदेमारच्या मांडीचा स्नायू सारखा फाटतो. बरा होतो, पुन्हा फाटतो. क्लबचे डॉक्टर म्हणतात, दातातलं विष रक्तातून मांडीत उतरतं. मागच्या सीझनला दोन दाढा काढल्या, तरी फरक नाही. आता ही तिसरी. आज नाहीतरी रिकामाच दिवस आहे, तर काढून घ्या.

हे ऐकून हसू येईल, पण तो माणूस काही मनचं बोलत नव्हता. एके काळी जगभरच्या मोठमोठ्या डॉक्टरांचा असा समज होता. दातात पू साठला की तो शरीरभर फिरतो आणि गुडघे, पाठ, डोळे काहीही बिघडवतो, असं मानून त्यांनी लोकांची अख्खी तोंडं रिकामी केली. पुढे कळलं की बहुतेकांचे गुडघे दुखायचे ते दुखतच राहिले, फक्त आता त्यांना भाकरीही चावेना. आमच्या कॉलेजात हा धडा ‘असं करू नका’ म्हणून शिकवला होता. पण काही फुटबॉल क्लबांत तो समज ठाण मांडून बसला होता. आमच्याकडे याला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात. ते इंग्रजीत कसं सांगायचं, हे मला त्या क्षणी सुचलं नाही.

मी आणखी दोन प्रश्न विचारले. चावताना त्रास होतो का? गरम-गार लागतं का? दोन्ही वेळा मॅनेजर बोलला. अदेमार वरच्या दिव्याकडे बघत होता. चांगला दणकट, पंचविशीतला माणूस, पण खुर्चीत असा बसला होता जणू त्याला तिथे ठेवून कुणी विसरून गेलंय.

हे दृश्य मला नवीन नव्हतं. पार्ल्यात सून खुर्चीत बसायची आणि कुठे दुखतंय ते सासू सांगायची. मुलगा बसायचा आणि वडील म्हणायचे, “काही दुखत नाही त्याला, अभ्यास टाळतोय.” म्हणून मी दवाखान्याचा एक नियमच करून टाकला होता. पेशंट आत, सोबतचे बाहेर. मग सोबत कुणीही असो. एकदा एका रिटायर्ड न्यायाधीशांनाही मी बाकावर बसवलं होतं.

“तुम्ही बाहेर बसा,” मी मॅनेजरला सांगितलं.

“मी टीमचा मॅनेजर आहे.”

“हो. बाहेर पंखा आहे.”

तो गेला. दाराच्या फटीतून मला दिसलं, गाल सुजलेल्या एक बाई आणि दुधाचा दात हलणारी एक चिमुरडी यांच्या मध्ये तो सुटाबुटात गुडघे जुळवून बसला होता.

आता प्रश्न भाषेचा. अदेमारला इंग्रजी येत नव्हतं आणि मला पोर्तुगीज. पण एस्पेरान्सा आंटींना येत होतं. एस्पेरान्सा आंटी म्हणजे माझ्या रिसेप्शनिस्ट. राहायला वाकोल्याला, मूळच्या म्हापशाच्या. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा त्या त्यांच्या शाळेत शिकल्या होत्या. अपॉइंटमेंट देणं, हत्यारं उकळणं आणि रडणाऱ्या मुलांना दम भरणं ही त्यांची कामं. पोर्तुगीज मात्र त्या दोनच कारणांसाठी वापरायच्या, प्रार्थनेला आणि नवऱ्याशी भांडायला.

त्यांनी आत येऊन पदर नसतानाही पदर सावरावा तसा फ्रॉक सारखा केला आणि अदेमारशी बोलायला सुरुवात केली. पहिल्या वाक्यालाच तो खुर्चीत ताडकन उठून बसला. आणि हसला.

“काय झालं?” मी विचारलं.

“बोलतो, मी त्याच्या गावच्या म्हाताऱ्या पाद्रीसारखी बोलते,” आंटी जरा रागावूनच म्हणाल्या. “शाळेत असंच शिकवलं ना आम्हाला, मी काय करू?”

पण त्या हसण्याने गाडी रुळावर आली. तो बोलायला लागला तो थांबेचना. आंटी तुकड्यातुकड्याने मला सांगत होत्या. ब्राझीलच्या आतल्या भागात, उसाच्या मळ्यांमधलं त्याचं गाव. विशीच्या आधीच तो पोर्तुगालला आला. पहिल्या हिवाळ्यात थंडीने त्याचे ओठ फुटले, पण गोल होत होते, लोक त्याच्या नावाने गाणी म्हणत होते. मग मांडी फाटली. इंजेक्शन देऊन त्याला लगेच खेळवलं. पुन्हा फाटली. पुन्हा इंजेक्शन. मग म्हणाले, दोष दातांचा आहे, आणि दोन दाढा काढल्या. गाणी म्हणणाऱ्या त्याच लोकांनी मग मैदानात शिट्ट्या मारून त्याची हुर्यो उडवली. हा सीझन संपला की त्याचा करार संपणार होता. आज नाही म्हटलं, तर हा ऐकत नाही असा शिक्का बसणार आणि सरळ घरी पाठवणार.

“आणि ही दाढ?” मी विचारलं.

“ह्या दाढेचं रूट कॅनल त्याच्या गावच्या डॉक्टरने केलंय, तो युरोपला निघायच्या आधी,” आंटींनी विचारून सांगितलं. “तिकडचे बोलतात, मेलेली दाढ आहे, म्हणून त्यातच विष.”

रूट कॅनल म्हणजे दाताच्या आतली खराब झालेली नस काढून ती पोकळी साफ करायची आणि बंद करायची. नस गेली म्हणून काही लोक त्या दाताला मेलेला म्हणतात. म्हणोत बापडे. काम चांगलं झालं असेल तर तो दात पुढे वर्षानुवर्षं मुकाट्याने चावत राहतो.

मी एक्स-रे काढला. तेव्हा फिल्म काळ्या डब्यात हात घालून, औषधात बुडवून धुवावी लागायची. ओली फिल्म दिव्यासमोर धरली आणि मी बघतच राहिले. कुठल्याशा उसाच्या गावातल्या त्या डॉक्टरने मुळांच्या टोकापर्यंत इतकं सुरेख काम केलं होतं की माझ्या प्रोफेसरांनी ते वर्गात फिरवलं असतं. पुवाचा मागमूस नाही. आणि तोंडात डावीकडे खाली तर आधीच्या दोन दाढांची खिंडारं. म्हणजे अदेमार सगळं जेवण उजवीकडून जेवत होता, याच दाढेवर.

“त्याला विचारा, ही दाढ काढायची आहे का?” मी म्हटलं.

“कशाला काढायची?” आंटी फणकारल्या. “चांगली धडधाकट दाढ! आणि मी सांगते डॉक्टर, तो बाहेरचा माणूस ना—”

“आंटी, तुम्हाला नाही विचारलं. त्याला विचारा.”

आंटींनी त्याला विचारलं. अदेमारने जिभेने ती दाढ चाचपली. मग तो हळू आवाजात काहीतरी बोलला.

“बोलतो, एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नाय,” आंटी म्हणाल्या. “आणि बोलतो, नाय काढायची. पण सांगायला भीती वाटते.”

मी मॅनेजरला आत बोलावलं. ओली फिल्म दाखवली. दाढ निरोगी आहे, मी ती काढणार नाही, एवढंच सांगितलं. हीसुद्धा गेली तर हा मटण कशाने चावणार, हेही विचारलं.

“आमचे डॉक्टर तुमच्यापेक्षा मोठे आहेत,” तो म्हणाला.

“असतील. पण पक्कड माझ्या हातात आहे.”

“हॉटेलच्या यादीत आणखी नावं आहेत. आणि तुमच्याबद्दल मी त्यांना सांगणार.” एवढं बोलून तो अदेमारकडे वळला आणि पोर्तुगीजमध्ये भराभरा काहीतरी बोलला. आंटी माझ्या कानाशी कुजबुजल्या, “बोलतो, ऊठ, दुसऱ्या डॉक्टरकडे जायचंय.”

आणि अदेमार उठायला लागला. सवयीने. कोट घालायचा, मागे चालायचं, खुर्चीत बसायचं, आ करायचा. मला दिसत होतं, आणखी तासाभरात अंधेरीत कुठेतरी ती दाढ ट्रेमध्ये पडणार आणि आखातात मांडी पुन्हा फाटणार.

“हे बघा, त्याला दाढ काढायचीच नाहीये,” मी तावातावाने सुरू केलं. “त्याचं म्हणणं असं आहे की—”

अदेमारने हात वर केला. ट्रॅफिक पोलिसासारखा, माझ्यासमोर. मी थांबले.

मग तो मॅनेजरशी बोलला. फार नाही, चारपाच वाक्यं. आवाज चढवला नाही. बोलताना एक हात मांडीवर होता. मॅनेजरने मध्ये तोंड उघडलं, तर अदेमारने तोच हात पुन्हा वर केला आणि वाक्य पुरं केलं.

आंटींनी भाषांतर केलंच नाही. त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा दंड हलवून विचारावं लागलं.

“बोलला, दाढ दुखत नाय. काढणार नाय. मांडी दुखते. मला खेळायचंय, पण मांडी बरी झाल्यावर. घरी पाठवायचं तर पाठवा.”

मॅनेजर माझ्याकडे, मग आंटींकडे बघत राहिला. मग दाराकडे चालू लागला. अदेमार मात्र मागे थांबला. त्याने माझा हात हातात घेतला आणि माझे आभार मानले. आंटींच्या गालाचे त्याने दोन्हीकडून मुके घेतले. बाहेर बाकावरच्या बाई आपली सूज विसरून हे बघत राहिल्या. पुढे आठवडाभर पार्ल्यात हाच विषय होता.

आखातात तो खेळला नाही. सीझन संपल्यावर क्लबने त्याला काढलं. हे आम्हाला कळलं ते नाताळच्या कार्डावरून. कार्ड आंटींच्या नावे होतं. आंटी अपराधी चेहऱ्याने मला म्हणाल्या, “डॉक्टर, आपण पोराची वाट लावली काय?” मलाही त्या रात्री झोप नीट लागली नाही. पण पुढच्या नाताळात स्वित्झर्लंडहून कार्ड आलं. तिथल्या एका छोट्या क्लबने त्याला घेतलं होतं. तिथल्या ट्रेनरने आधी काही महिने त्याला फक्त चालायला लावलं, मग हळूहळू धावायला, आणि मांडी तिची ती बरी झाली. गोष्टींतल्यासारखा तो जगप्रसिद्ध झाला नाही. पण तिशी उलटून गेल्यावरही खेळत होता, लग्न केलं, मुलगी झाली. मुलीचं मधलं नाव त्याने एस्पेरान्सा ठेवलं. तो फोटो आंटींनी वाकोल्यातल्या घराघरात नेऊन दाखवला.

हॉटेलने माझं नाव यादीतून काढलं. काही महिन्यांनी एका रविवारी त्यांच्याच जनरल मॅनेजरची अक्कलदाढ सुजली, दुसरं कुणी सापडेना, आणि माझं नाव पुन्हा लागलं.

अदेमारने मला धन्यवाद दिले, दर कार्डात दिले. खरं तर मीच त्याला द्यायला हवेत. कारण त्याने मला थांबवलं ते मॅनेजरच्याच पंगतीत बसवून. सासूला बाहेर काढायचं आणि तिच्या जागी आपण उभं राहायचं, असं माझं चाललं होतं. आम्हा दातांच्या डॉक्टरांना तर ही खोडच असते. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबायचा, सक्शनची नळी अडकवायची आणि मग विचारायचं, “काय, ठीक आहे ना?” पेशंट “अं अं” करतो. आम्ही ते ‘हो’ समजतो.

त्या दिवसानंतर मी आधी विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत हात खाली ठेवायचे. काही पेशंटांना बराच वेळ लागायचा. बाहेरची रांग वाढायची, आंटी दारातून डोळे वटारायच्या. लागू दे वेळ. कापूस काय, नंतरही घालता येतो.